अकराव्या मजल्याचं छत

चंद्रप्रकाश मेस्त्री पहिल्यांदा छताला काठी हाणू लागला तेव्हा ती साधी कपडे वाळत घालायची काठी होती. नंतर तिच्या टोकाला त्याने गॅरेजमधून आणलेलं लोखंडी टोपण ठोकून बसवलं. बांबू फुटत होता आणि छत फुटत नव्हतं, हे त्याला सहन होईना.

अकराव्या मजल्यावरच्या त्या घराच्या छताला पंख्याच्या बाजूला देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखे खड्डे पडले होते. रत्नप्रभा, त्याची बायको, रोज सकाळी चादरीवरची पांढरी भुकटी झटकायची. चहाच्या कपावर बशी झाकून ठेवायची. डाळीत पुट्टीचा खडा लागला तर मुकाट बाजूला काढून ठेवायची.

"अहो, बस झालं. वर बाळाभावजी झोपले असतील."

"झोपलाय? आपटतोय तो! मुद्दाम आपटतोय. तुला ऐकू येत नाही?"

ऐकू तिलाही येत होतं. धप्. मग शांतता, इतकी की माणूस विसरून भात कालवायला घ्यावा. मग पुन्हा, धप्. कोणी ओलं पोतं उचलून जमिनीवर टाकावं तसा आवाज. फार मोठाही नव्हता. मोठा असता तर बिल्डिंगभर बोंब झाली असती आणि काहीतरी निकाल लागला असता. हा आवाज फक्त आपल्यासाठी काढल्यासारखा यायचा, आणि तो केव्हा येईल हे कळायचं नाही. चंद्रप्रकाश आवाज आला की काठी उचलायचाच. हळूहळू तो आवाज यायच्या आधीच काठी धरून पलंगावर बसू लागला.

वर बाराव्या मजल्यावर बाळा गावडे राहत होता, आणि खरा जाच तिथेच होता. दुसरा कोणी असता तर चंद्रप्रकाशने चार शिव्या देऊन सोडून दिलं असतं.

विक्रोळीच्या टेकडीवर आज जिथे हा बावीस मजली टॉवर उभा आहे, तिथे पूर्वी गावच्या सातेरी देवीच्या नावाची सातेरी चाळ होती. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसांनी गिरण्या बंद पडल्यावर इकडे सरकत सरकत वसवलेली. चंदू मेस्त्री आणि बाळा गावडे त्या चाळीत एकाच आठवड्यात जन्मले. दोघांच्या खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती. लहानपणी दोघे तिच्या दोन बाजूंना डोकी लावून झोपायचे. चंदूने फळीवर टिचकी मारली की पलीकडून टिचकी यायची. दोन टिचक्या म्हणजे जागा आहेस काय, तीन म्हणजे बाप झोपला, चल बाहेर. लग्नं झाली, पोरं झाली, तरी दमून आलेला चंदू भिंतीला टेकला की एक टिचकी मारायचा. पलीकडून बाळा म्हणायचा, "इलंस? जेव आता, मेल्या."

भांडणं व्हायचीच. नळावर कळश्या एकमेकींच्या डोक्यात घातल्या गेल्या होत्या. एकदा कपड्याच्या दोरीवरून बाळाने चंदूचं नाक फोडलं होतं, आणि चंदूने रक्त पुसायच्या आधी बाळाच्या पोटात लाथ घातली होती. संध्याकाळी बाळाची बायको प्रेमा बांगड्याच्या तिकल्याची, आंबटतिखट कालवणाची, वाटी घेऊन दारात उभी. दार उघडंच असायचं, त्यामुळे परत जायची सोय नव्हती.

आणि शिमगा होता. चाळीच्या चौकात होळी पेटली की वर्षभराचं साठलेलं सगळं बाहेर निघायचं. एकेकाचं नाव घेऊन बोंब मारायची, आईबापापासून मुळव्याधीपर्यंत काहीही काढायचं, आणि ज्याचं नाव निघालं त्याने रागवायचं नाही, हा नेम. चंदू आणि बाळा यात चाळीचे राजे होते. त्यांची जुगलबंदी ऐकायला पार घाटकोपरहून पाहुणे यायचे. "चंदूची बायको रडता कित्याक, ह्येका रातचो दिसना नाय म्हणान!" बाळा ओरडायचा आणि चाळ खदाखदा हसायची. घसा बसेपर्यंत शिव्या, मग एका ताटात पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी माणूस अंगातून काटा काढल्यासारखा हलका व्हायचा.

चाळ पाडली. मधली वर्षं संक्रमण शिबिराच्या पत्र्यांखाली गेली. मग सोडत निघाली, चंद्रप्रकाशला अकरावा मजला लागला आणि बाळाला बरोबर त्याच्या डोक्यावर बारावा. दोघांनी रस्त्यातच एकमेकांना उचललं होतं.

"आता टिचकी वरसून खाली!" बाळा म्हणाला होता.

घर छान होतं. आत संडास, स्वयंपाकाचा ओटा, चकचकीत लाद्या. वाईट काय आहे ते कोणाला एकदम कळलं नाही. खिडकी उघडली की विक्रीसाठी बांधलेल्या दुसऱ्या टॉवरची भिंत होती, हात लांब केला तर बोटं टेकतील की काय इतकी जवळ. भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागायची. पहिल्या वर्षी रत्नप्रभाने तिथे तुळस ठेवली, ती गेली. दुसरी ठेवली, तीही गेली. मग तिने नुसती कुंडी ठेवली. बाहेर बोगद्यासारखा पॅसेज, त्यात माणूस आला की पेटणारा आणि थांबला की विझणारा दिवा. दारात उभं राहून कोणाशी बोलावं तर बोलता बोलता अंधार व्हायचा आणि हात हलवावा लागायचा. बायकांनी दारात उभं राहणंच सोडलं. दारं बंद झाली. भांडणंही बंद झाली. कोणाला काही खुपलं तर ते सोसायटीच्या ग्रुपवर मोबाईलमधून यायचं, शेवटी हात जोडल्याचं चिन्ह लावून.

चंद्रप्रकाशची आधी झोप गेली. मग भूक. मग घरी आल्यावर बोलणं. तो पन्नाशीत असा होईल असं रत्नप्रभाला वाटलं नव्हतं. तिचंही काही बरं नव्हतं. दुपारी गॅस चालू आहे की बंद हे ती पुन्हापुन्हा बघायची, लिफ्टमध्ये छाती धडधडते म्हणून अकरा मजले उतरायची. पण ती ते कोणाला सांगत नव्हती.

आवाज सुरू झाला तेव्हा चंद्रप्रकाशने पहिल्यांदा आपला स्क्रूड्रायव्हर काढला.

तो घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता आणि त्याच्या कानाची तिथे ख्याती होती. इंजिन चालू ठेवायचं, लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. कुठला बेअरिंग गेला, कुठल्या सिलिंडरमध्ये ठोका आहे, तो डोळे मिटून सांगायचा आणि इंजिन खोललं की तेच निघायचं. तो स्क्रूड्रायव्हर कायम त्याच्या शर्टाच्या खिशात असायचा. चाळीतही त्याचा कान असाच होता. कोणाचा पाटा, कोणाचा खोकला, कोणाच्या पोराने मार खाल्ला, हे तो अंथरुणातून सांगायचा. फळी, पत्रा आणि अर्ध्या विटेच्या भिंती. आवाज जिथून निघाला तिथूनच यायचा.

टॉवर तसा नव्हता. त्याच्या भिंती, छतं, जमिनी सगळं एकाच साच्यात एकाच ओतात भरलेलं काँक्रीट. अशा बिल्डिंगमध्ये एका टोकाला ठोका बसला की तो हाडातून कळ जावी तसा कुठूनही कुठेही जातो आणि जिथे उमटतो तिथेच निघाल्यासारखा वाटतो. हे चंद्रप्रकाशला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने टोक भिंतीला टेकवलं, खांबाला टेकवलं, स्टुलावर चढून छताला टेकवलं. छतात सगळ्यात स्पष्ट. त्याने डोळे उघडले आणि निकाल दिला.

तेव्हा तो वर गेला तो हसतच गेला.

"बाळ्या, काय आपटतंस रे? घरात दगड फोडतंस काय?"

बाळा दारात उभा होता. त्याच्या डोळ्यांखालीही काळं आलं होतं, पण पॅसेजचा दिवा विझला आणि चंद्रप्रकाशला ते दिसलं नाही.

"मी? मी काय एक आपटूक नाय. मीच तुका विचारूचा म्हणत होतंय."

"नाटकां करू नको. तुझ्याच घरातसून येता."

"सातेरीची शपथ रे, चंदू. माझ्या घरातसून नाय."

"माझो कान खोटा बोलणा नाय," चंद्रप्रकाश म्हणाला.

झालं ते एवढंच. चाळीत असती तर ही गोष्ट गॅलरीभर झाली असती, चार म्हाताऱ्यांनी मध्ये तोंड घातलं असतं, कोणीतरी दोघांनाही लाथा घातल्या असत्या. इथे बाळाने दार लावलं.

त्या संध्याकाळी धप् झालं तशी चंद्रप्रकाशने काठी हाणली. थोड्या वेळाने वरून लागोपाठ चार दणके आले, जड, दगडी. बाळाने चाळीतून आणलेला वरवंटा काढला होता. चंद्रप्रकाशला पुरावा मिळाला. "बघ! बघ! म्हणे मी आपटत नाही!" त्याने खांदा दुखेपर्यंत छत बडवलं. वरून वरवंटा. खालून काठी. रत्नप्रभा कानात बोटं घालून मोरीत जाऊन बसली.

मग हे रोजचंच झालं. दोघं लिफ्टमध्ये समोरासमोर आले तर एकजण उतरून जायचा. चंद्रप्रकाश गॅरेजमध्ये इंजिनवर कान ठेवून दुसरंच काही ऐकत बसू लागला. एकदा इंजिनच्या चालू पंख्यात पाना गेला आणि पात्याचा तुकडा उडून मालकाच्या कपाळात शिरला. घरी त्याने मिक्सर जमिनीवर आपटून फोडला, कारण चटणी वाटताना वरचा आवाज ऐकायचा निसटला असता. मुलगी श्रुतिका कॉलेज संपवून नुकतीच नोकरीला लागली होती. ती एकदा धीर करून म्हणाली, "बाबा, आपण डॉक्टरांकडे जाऊया ना. झोपेसाठी. माझ्या ऑफिसमधले बरेच जण जातात."

"वेडा झालो मी? वरचा आपटतो आणि डॉक्टर मला?"

"तसं नाही म्हणत. फक्त एकदा..."

त्याने तिच्या थोबाडीत दिली. ती कपाटावर आदळली, ओठ फुटला, दातांवर रक्त आलं. त्याने तिला आयुष्यात कधी हात लावला नव्हता. तो आपल्या हाताकडे बघत राहिला, आणि तेवढ्यात धप् झालं. श्रुतिका तोंड धरून रडत होती आणि हा माणूस छताला काठी घालत होता. त्या रात्रीपासून ती मावशीकडे मुलुंडला राहायला गेली.

शिमगा आला. पूर्वीची माणसं बावीस मजल्यांवरून खाली उतरली. कमिटीने पार्किंगच्या कोपऱ्यात लोखंडी घमेल्यात छोटी होळी केली होती, कारण काँक्रीटला तडा जाईल. लिफ्टमध्ये सूचना लागली होती: विक्रीच्या टॉवरमधल्या रहिवाशांना त्रास होतो, तरी अपशब्द टाळावेत. नारळ पडला, आरती झाली. कोणीतरी अर्धवट बोंब मारली आणि हसून गप्प झालं. चंदू आणि बाळा घमेल्याच्या दोन बाजूंना उभे होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते. चंद्रप्रकाशच्या तोंडात वर्षाच्या शिव्या दाटल्या होत्या. बाळाचा जबडा हलत होता. एकाने सुरुवात करायला हवी होती. वॉचमनने पाण्याची बादली ओतली आणि घमेलं चर्र करून विझलं. दोघे वेगवेगळ्या लिफ्टने वर गेले.

दुसऱ्या दिवशी धुळवडीला, दुपारी, चंद्रप्रकाश जेवायला बसला होता. ताटात पुरणपोळी होती. धप्.

त्याने काठी उचलली नाही. उठला, पलंगाखालच्या पेटीतून चाकाचे नट काढायचा लांब पाना घेतला. रत्नप्रभाने त्याचा शर्ट धरला तर शर्टाचं बटण तिच्या हातात राहिलं. "अहो, पाया पडते!" तो जिना चढून गेला.

दार त्याने वाजवलं नाही, पान्यानेच फोडायला घेतलं. तिसऱ्या घावाला बाळाने आतून उघडलं, हातात वरवंटा. दोघे पॅसेजमध्ये आले. शिव्या सुरू झाल्या, कालच्या राहिलेल्या, पण आज कोणी हसणारं नव्हतं आणि त्यांना शेवटही नव्हता.

"झोपूक देणा नाय माका! वर्षभर! रांडेच्या, माझी पोर घरातसून गेली!"

"माझी प्रेमा गोळ्ये खाता तुझ्यापायी! खालसून ठोकतंस, ठोकतंस! मरून जा खंयचो!"

बाळाने वरवंटा फिरवला. तो चंद्रप्रकाशच्या खांद्याला लागला आणि काही तरी आत कट्कन तुटलं. दुखायच्या आधीच त्याने पाना घातला. डाव्या बाजूने, कानाच्या वर. आवाज अगदी छोटा झाला, नारळाला पहिली चीर जाते तसा. बाळा भिंतीला घासत खाली बसला. भिंतीवर हातभर लाल पट्टा उमटला. चंद्रप्रकाशने पाना पुन्हा उचलला. दिवा विझला. अंधारात त्याने तो मारला. पाना लादीवर आदळला, ठिणगी उडाली, आणि तो हातातून निसटून गेला. हालचालीने दिवा पुन्हा पेटला. बाळाच्या कानातून रक्त येत होतं, काळसर, थांबत नव्हतं. प्रेमा दारातून धावत आली आणि पदर त्याच्या डोक्याला दाबून धरला. जिन्यातून रत्नप्रभा धापा टाकत वर आली.

चौघे तिथेच होते. वरचं घर रिकामं होतं. खालचं घर रिकामं होतं.

धप्.

भिंतीतून आलं. बाळाचं डोकं ज्या भिंतीला टेकलं होतं, तिच्यातून.

प्रेमाने मान वर केली. "भावोजी," ती म्हणाली, "हा तुम्हीच खालसून ठोकायचात ना? पहिल्यापासून?"

पोलीस आले. प्रेमाने तक्रार दिली. चंद्रप्रकाशला त्याच दिवशी नेलं, खांद्याचं हाड मोडलेलं असताना. जामीन होईपर्यंत तो आत होता, आणि तिथे, भांडणाऱ्या, घोरणाऱ्या, शिव्या देणाऱ्या माणसांच्या गर्दीत जमिनीवर, त्याला गाढ झोप लागली. याची त्याला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

आवाज शोधायला कमिटीने प्लंबर आणला. शाफ्टमध्ये पाण्याचा उभा पाइप जातो, तो भिंतीला पट्ट्यांनी आवळलेला असतो. एक पट्टी ढिली होती. पंप बंद झाला की वर चढलेलं पाणी मागे येऊन झडपेवर आदळायचं, पाइपाला हिसका बसायचा आणि पाइप काँक्रीटवर आपटायचा. ढिली पट्टी सापडली सातव्या मजल्यावर. तिथे भाड्याने राहणारी माणसं होती. त्यांना आवाज असा जाणवलाच नव्हता. प्लंबरने पट्टी आवळली, मध्ये जुन्या टायरट्यूबचा तुकडा घातला आणि चहा पिऊन गेला. असले तुकडे चंद्रप्रकाशच्या गॅरेजमध्ये रोज केराच्या डब्यात जात.

आवाज बंद झाला. तो घरी आला तेव्हा छत गप्प होतं. पंपाची घरघर ऐकू आली की त्याचा हात तरी काठीकडे जायचा. रत्नप्रभाने काठी आधीच खाली नेऊन फेकून दिली होती. श्रुतिका त्याला न्यायला आली आणि डॉक्टरांकडे घेऊन गेली. तो गेला. तिच्या ओठावरच्या खुणेकडे न बघता रिक्षात बसून राहिला.

बाळा हॉस्पिटलमधून परत आल्याचं चंद्रप्रकाशला रत्नप्रभाकडून कळलं. बरेच दिवस तो जिन्यापर्यंत जाऊन परत येत होता. वकील म्हणाला होता, फिर्यादीच्या दारात अजिबात जाऊ नका. शेवटी एका सकाळी तो गेला. मोडलेल्या दाराच्या जागी नवं दार बसवलेलं होतं. त्याने एक टिचकी मारली.

दार साखळीएवढं उघडलं. प्रेमा होती. तिने त्याच्या दोन्ही हातांकडे बघितलं, एक गळ्यात बांधलेला, एक रिकामा.

"कशाला आलात?"

दिवा विझला. आतून बाळाचा आवाज आला, जरा जास्तच मोठा, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा. "येऊ दे तेका."

बाळा खिडकीशी खुर्चीत बसला होता. डोक्याचे केस काढलेले, डाव्या बाजूला टाक्यांची वाकडी रेघ. तो अर्धा झाला होता.

"उजवीकडे बस," तो म्हणाला. "हो डावो कान गेलो."

चंद्रप्रकाश बसला. पाया पडावं, रडावं, असं त्याने जिन्यात ठरवलं होतं. काहीच होईना.

"आवाज गेलो ना तुझो?" बाळाने विचारलं.

"गेलो. पाइप होतो. सातव्या मजल्यावरचो."

"सांगलां माका." बाळा हसल्यासारखा झाला. "माझो नाय गेलो. हय, आत," त्याने टाक्यांखाली बोट ठेवलं, "शिटी वाजता. चोवीस तास. डॉक्टर म्हणतत, ऱ्हवतली ही. ह्येका खंयची पट्टी आवळतलंस, चंदू?"

प्रेमा दाराशी भिंतीला पाठ लावून उभी होती.

बाळाने हात पुढे केला आणि चंद्रप्रकाशच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. प्रेमा पुढे सरकली. त्याने दुसऱ्या हाताने तिला थांबवलं. टोक आपल्या कानामागच्या हाडावर, टाक्यांच्या अगदी खाली, टेकवलं. मूठ चंद्रप्रकाशकडे केली.

"ऐक."

"बाळ्या, नको रे."

"इंजिनाचा ऐकतंस तसा ऐक."

चंद्रप्रकाशने वाकून मुठीला कान लावला. जरासा दाब पडला तर टोक कातडीत रुतलं असतं. त्याने श्वास धरला, डोळे मिटले. आयुष्यभर ज्या दांड्याने त्याला कधी फसवलं नाही असं तो मानत आला होता, त्यातून त्याला स्वतःच्याच रक्ताचे ठोके ऐकू आले. दुसरं काही नाही. तो बराच वेळ ऐकत राहिला.

"काय ऐकूक येता?"

"कायच नाय."

बाळाने स्क्रूड्रायव्हर खाली घेतला.

"पण तू म्हणतंस तर आसा," चंद्रप्रकाश म्हणाला. "तू म्हणतंस म्हणजे आसाच."

"त्या दिवशी कित्याक नाय म्हणालंस ह्या? मी सातेरीची शपथ घेतलंय तेव्हा?"

चंद्रप्रकाश खिडकीकडे वळला. खिडकीबाहेर समोरच्या टॉवरची भिंत होती. खाली कुठेतरी पंप चालू झाला, पाण्याची घरघर शाफ्टमधून वर चढू लागली, आणि चंद्रप्रकाशचा सगळा देह ताठ झाला. थोड्या वेळाने पंप बंद झाला. काहीच झालं नाही. बाळा त्याच्याकडे बघत होता.

"तू पण ऐकतंस अजून," तो म्हणाला.

"होय."

बाळाने स्क्रूड्रायव्हर परत दिला नाही. शेजारच्या पलंगावर उशाशी ठेवला. "हो हयच ऱ्हवांदे," म्हणाला. "जा आता. प्रेमाक तू आवडणा नाय घरात."

चंद्रप्रकाश उठला. प्रेमाने दार उघडलं, तो बाहेर आला, आणि मागे साखळी सरकली. तो पॅसेजमध्ये उभा राहिला तो दिवा विझेपर्यंत. मग रिकामा खिसा चाचपत, अंधारातच, जिना उतरून खाली गेला.